संगणकातले 'लिंकिंग' : बटण कुणाच्या हाती?

खत-बियाणांच्या दुकानात उभे राहिलेल्या प्रत्येकाला 'लिंकिंग' हा शब्द ठाऊक आहे. हंगाम तोंडावर आलेला असतो, शेतकऱ्याला युरियाच्या दोन गोण्या हव्या असतात आणि दुकानदार म्हणतो, 'गोणी देतो चाचा, पण सोबत ही बाटलीही घ्यावी लागेल.' शेतकरी दुकानदाराला बोल लावतो. दुकानदार सांगतो की, वरून कंपनीनेच हा माल गळ्यात मारला आहे, मी तरी काय करू? दोघेही खरे बोलत असतात. कृषी खाते कारवाईचे इशारे देते, तरी तक्रारी थांबत नाहीत. कारण ज्याच्या हाती गरजेचा माल असतो, त्याला न खपणारा मालही खपविता येतो.

हीच रीत आता दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलेल्या संगणकात आणि खिशातल्या मोबाईलमध्ये शिरली आहे. येथे युरियाच्या जागी पत्र लिहिण्याचे, हिशेब मांडण्याचे, नक्षी काढण्याचे सॉफ्टवेअर आहे आणि बाटलीच्या जागी 'एआय' म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस आहे. आपण तो मागितलेला नसतो. एक दिवस संगणक उघडावा, तर तो पडद्याच्या कोपऱ्यात बसलेला दिसतो. कधी त्याची किंमत बिलात मिसळलेली असते, कधी तो आपले कागद वाचत असतो आणि कधी त्याला बाहेर काढण्याचा दरवाजाच सापडत नाही.

आमचे बहुतेक वाचक संगणकाचे जाणकार नाहीत. कुणाचे मालेगावात यंत्रमाग आहेत, कुणी भिवंडीत कापडाचा व्यापार करतो, कुणी लग्नपत्रिका छापतो, कुणी भरतकामाचे नमुने संगणकावर तयार करतो. तेव्हा आम्ही येथे यंत्राची चर्चा करणार नाही, सौद्याची करू. सौदा रजामंदीचा आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

बिलात मिसळलेला माल

वर्ड आणि एक्सेल ही नावे बहुतेकांना परिचित आहेत. हे कार्यक्रम मायक्रोसॉफ्ट कंपनी वर्गणी घेऊन देते. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेसह अनेक देशांत घरगुती वर्गणीदारांच्या योजनेत 'कोपायलट' नावाचा आपला एआय मदतनीस घातला आणि वर्गणी वाढविली. अमेरिकेत वाढ महिन्याला ३ डॉलरची होती.

ऑस्ट्रेलियात ही गोष्ट न्यायालयापर्यंत गेली. तेथे एका व्यक्तीच्या योजनेची वार्षिक वर्गणी १०९ वरून १५९ ऑस्ट्रेलियन डॉलर झाली, म्हणजे ४५ टक्के वाढ. कुटुंबाच्या योजनेची वर्गणी १३९ वरून १७९ वर गेली. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. आयोगाचा आरोप असा की, सुमारे २७ लाख ग्राहकांना दोनच पर्याय सांगण्यात आले : वाढीव वर्गणी भरा, नाहीतर वर्गणी बंद करा. तिसरा पर्याय होता. कोपायलटशिवाय, जुन्याच दरात चालणारी 'क्लासिक' योजना. परंतु ती ग्राहकाला केव्हा दिसे? तो वर्गणी रद्द करण्याची प्रक्रिया सुरू करी, तेव्हा. ज्याने मुकाट्याने पैसे भरले, त्याला तिचा पत्ताच लागला नाही.

पुढच्याच महिन्यात कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि जुन्या योजनेकडे परतणाऱ्या ग्राहकांना फरकाची रक्कम परत देऊ केली. नवा माल आणला आणि त्याची किंमत लावली, यात गुन्हा नाही. जुना माल जुन्या भावात शिल्लक असताना तो दडवून ठेवणे, हा आरोपाचा गाभा आहे. हे कोणाही किराणा दुकानदाराला समजावून सांगावे लागत नाही.

जोडून विकण्याची खोड नवी नाही. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने याच कंपनीला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला. विंडोजबरोबर गाणी-चित्रपट चालविणारा कार्यक्रम जोडून देणे, हे त्यातले एक कारण होते. त्या कार्यक्रमाशिवायची विंडोजही बाजारात ठेवण्याचा हुकूम झाला. कंपनीने ती ठेवली, पण त्याच किमतीला. मग ती कोण घेणार? फारशी कोणी घेतलीच नाही. माल वेगळा केला पण भाव वेगळा केला नाही, तर पर्याय कागदावरच राहतो, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

गल्ल्यावर बसविलेला डोळा

पैशाचा प्रश्न एक वेळ सोडून देऊ. त्याहून मोठा प्रश्न भरवशाचा आहे.

२० मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' नावाची सुविधा जाहीर केली. ती दर काही सेकंदांनी संगणकाच्या पडद्याचे चित्र टिपून ठेवते. महिन्यापूर्वी पाहिलेले कोटेशन सापडत नसेल, तर चार शब्द टाकून ते शोधता यावे, हा तिचा उद्देश. चित्रे संगणकातच राहतात, बाहेर जात नाहीत, असे कंपनीने सांगितले. परंतु सुरक्षा-अभ्यासकांनी चाचणीची आवृत्ती तपासली, तेव्हा टिपलेला मजकूर साध्या, वाचता येईल अशा स्वरूपात साठविलेला आढळला. म्हणजे चोर संगणकात एकदा शिरला, की त्याला सारी वही एकगठ्ठा मिळावी. गल्ल्यावरच्या संगणकावर काय काय असते? उधारीची यादी, पुरवठादाराचा भाव, बँकेचा खातेउतारा, ग्राहकांचे फोन नंबर. यातले निम्मे आपले नसते; दुसऱ्याने आपल्यावर विश्वासून ठेवलेली ती अमानत असते.

गदारोळ झाला. ७ जून २०२४ रोजी कंपनीने जाहीर केले की, वापरणाऱ्याने स्वतःहून चालू केल्याशिवाय रिकॉल चालणार नाही आणि साठा कुलूपबंद राहील. १३ जूनला ती पुढेही ढकलण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये ती लोकांच्या हाती पडू लागली, ती 'आधी विचारून' या अटीवर. आमच्या वाचकांना एक दिलासा द्यायला हवा. ही सुविधा खास एआयसाठी बनविलेल्या नव्या संगणकांवरच चालते. दुकानातल्या जुन्या यंत्रावर ती नसते.

यापुढची हकिगत अधिक बोलकी आहे. मे २०२५ मध्ये 'सिग्नल' या निरोप पाठविणाऱ्या सेवेच्या प्रोग्रामरांनी विंडोजवरील आपल्या खिडकीची चित्रे कोणी टिपू नयेत, अशी तजवीज केली. आपले संभाषण रिकॉलच्या नजरेआड ठेवण्याचा धड मार्ग विंडोजने दिलेला नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून चित्रपटांची चोरी रोखण्यासाठी असलेले कुलूप त्यांनी गिऱ्हाइकांच्या निरोपांना लावले. जुलैमध्ये 'ब्रेव्ह' या ब्राउझरनेही आपली पाने रिकॉलला दिसणार नाहीत, अशी व्यवस्था केली. भाड्याच्या गाळ्यात दुकान थाटणाऱ्याने घरमालकाच्या खिडकीला आतून पडदा लावावा, तसेच हे झाले. सॉफ्टवेअर बनविणाऱ्यांचाच एकमेकांवर भरवसा उरला नाही, तर दुकानदाराने तो कुठून आणावा?

कारागिराचा नमुना

पत्रिका छापणारे, फलक रंगविणारे आणि कापडाचे नमुने काढणारे आमचे कारागीर बांधव अडोबी कंपनीच्या फोटोशॉप-इलस्ट्रेटरवर काम करतात. जून २०२४ मध्ये या कंपनीने अटींचा नवा मजकूर ग्राहकांच्या पडद्यावर आणला आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येईना. कंपनी आपल्या ग्राहकांचे काम यंत्राद्वारे तसेच माणसांकडून पाहू शकते, असा अर्थ त्यातून निघत होता. जगभरच्या चित्रकारांनी विचारले, 'आमच्या नमुन्यांवर तुमच्या यंत्राला शिकविणार काय?' कंपनीने १० जूनला खुलासा केला की, ग्राहकांच्या कामावर आपण चित्रे बनविणाऱ्या एआयला शिकवीत नाही. १८ जूनला अटी नव्याने लिहून हे स्पष्ट करण्यात आले.

कंपनीचा हेतू वाईट होता, असे आमचे म्हणणे नाही. परंतु अर्ध्या केलेल्या कामासमोर अडसर टाकून सही मागणे, ही रजामंदी नव्हे. उलट उदाहरणही आहे. आयपॅडवर चित्रे काढण्याच्या 'प्रोक्रिएट' या कार्यक्रमाच्या मालकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले की, चित्रे स्वतः बनविणारे एआय आम्ही आमच्या मालात घालणार नाही. त्यांच्या गिऱ्हाइकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. 'नाही' म्हणणे हेही दुकानाचे नाव वाढवू शकते, हे त्यावरून दिसते.

लपविणे वेगळे, बंद करणे वेगळे

व्हॉट्सॲप आता अनेकांचे दुसरे दुकानच आहे. जून २०२४ पासून भारतात त्यात 'मेटा एआय'चे निळे वर्तुळ दिसू लागले. एप्रिल २०२५ मध्ये युरोपातल्या लोकांनी तक्रार केली की, हे वर्तुळ काढून टाकता येत नाही. कंपनीचे उत्तर होते की, वापरणे ऐच्छिक आहे. जुलै २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने न विचारता हा मदतनीस जोडल्याबद्दल चौकशी सुरू केली.

येथे अफवेपासून सावध राहावे. दोन माणसांमधील संदेश कुलूपबंद असतात. मेटा एआय ते आपोआप वाचत नाही. जे आपण त्याला विचारतो वा त्याच्याकडे पाठवितो, तेच त्याच्यापर्यंत जाते. म्हणून त्याला उधारीची यादी देऊ नये, इतके पथ्य पुरेसे आहे. शिवाय एप्रिल २०२५ पासून 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' ही सोय मिळाली आहे. ती एखाद्या गटात चालू केली, तर त्यातले संदेश एआयच्या कामी लावता येत नाहीत.

मात्र 'वापरू नका म्हणजे झाले' हे उत्तर पुरेसे नाही. जीमेलमध्ये 'स्मार्ट' सुविधा बंद करण्याचे बटण आहे. परंतु ते दाबले, तर जाहिरातींची पत्रे वेगळी लावण्यासारख्या जुन्या सोयीही जातात. नको असलेले परत करावयाचे, तर हवे असलेलेही परत करा, असा हा व्यवहार आहे. हेही लिंकिंगच, फक्त उलट्या बाजूने. फायरफॉक्स ब्राउझरच्या संस्थेचा अनुभव येथे उपयोगी पडेल. डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या नव्या प्रमुखांनी एआयवर भर देण्याचे सांगताच वापरणारे नाराज झाले. फेब्रुवारी २०२६ मध्ये त्यांनी सर्व एआय सुविधा एकाच बटणाने बंद करण्याची सोय दिली. म्हणजे हे करता येते. करावयाचे की नाही, हा मर्जीचा प्रश्न आहे.

बनविणाऱ्यांनाच किती खात्री?

स्टॅक ओव्हरफ्लो या संस्थेने २०२५ मध्ये जगभरच्या प्रोग्रामरांची पाहणी केली. ८४ टक्के प्रोग्रामर एआय वापरतात किंवा वापरणार आहेत. पण त्याच्या उत्तरांच्या अचूकपणावर भरवसा नसलेले ४६ टक्के निघाले आणि भरवसा असलेले ३३ टक्के. जो आचारी स्वतःच्या हंडीतले चाखून साशंक होतो, त्याच्या पंगतीत बसताना आपणही चाखूनच खावे.

आमच्या कार्यालयातली गोष्ट सांगतो. एका जाहिरातदाराचे लांबलचक ई-मेल आले. आमच्या ई-मेल सेवेने न विचारता त्याचा चार ओळींचा सारांश वर मांडला. त्यात रक्कम मिळाल्याचे लिहिले होते. आमच्या हिशेबनीस भाईंनी तो वाचून थकबाकीच्या यादीतून नाव काढले. आठवड्याने मूळ पत्र उघडले, तेव्हा त्यात 'रक्कम अद्याप मिळालेली नाही, मिळाली की लगेच धाडतो' असे होते. यंत्राने एक 'नाही' गिळला होता. भाई म्हणाले, 'यंत्राला कुठे वसुलीला जायचे असते?' नुकसान झाले नाही. पण सारांश आम्ही मागितलेला नव्हता आणि चूक मात्र आमच्या खात्यावर पडली. जीएसटीच्या विवरणपत्रात असा एक आकडा चुकला, तर नोटीस कंपनीला येणार नाही, दुकानदाराला येईल.

कंपन्यांची बाजू

न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एआय चालविण्यासाठी प्रचंड संगणक-केंद्रे लागतात, त्यांचा खर्च अफाट आहे आणि तो कुठून तरी वसूल व्हावयाचा आहे. प्रतिस्पर्धी पुढे जाईल ही भीती प्रत्येकाला आहे. शिवाय नवी सोय हाती दिल्याशिवाय लोक ती वापरून पाहत नाहीत, हेही खरे. मालही अगदी टाकाऊ नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत पत्र लिहिणे किंवा मालाचे वर्णन हिंदीतून मराठीत आणणे ही कामे एआयने हलकी केली आहेत. ज्यांना त्याचा उपयोग होतो, त्यांनी तो जरूर करावा.

आमचा आक्षेप एआयला नाही, न विचारता देण्याला आहे. वर सांगितलेल्या प्रकरणांत कंपनीने आधी माल दिला, ओरड झाल्यावर मागून परवानगी विचारली. क्रम उलटा असता, तर ओरडच झाली नसती.

आपल्याकडील कायदा

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन विक्रीतील १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहकाच्या टोपलीत न विचारता माल टाकणे, एक वस्तू देताना दुसरी घ्यायला भाग पाडणे, वर्गणी बंद करण्याची वाट अवघड करणे, या तिन्ही त्यांत आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. धंद्यासाठी खरेदी करणारा कायद्याने 'ग्राहक' मानला जात नाही. परंतु केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा मानला जातो. एकट्याने काम करणाऱ्या कारागिराने हे ध्यानात ठेवावे.

वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी, पूर्ण कल्पना देऊन आणि बिनशर्त घेतलेली असावी आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, असे तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीविषयीची कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाची आहेत. दरम्यान भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या 'मान्य करा, नाहीतर सोडा' अशा धोरणाबद्दल मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवला, आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

दुकानदाराने काय करावे?

१. वर्गणी नवी करण्याआधी गेल्या वर्षीची पावती समोर ठेवावी. भाव वाढला असेल, तर एआयशिवायची योजना आहे काय, हे लेखी विचारावे. रद्द करण्याच्या पानापर्यंत जाऊन पाहावे. खरा भाव कधी कधी तिथेच सांगितला जातो.

२. वर्डमध्ये कोपायलट नको असेल, तर फाईल, ऑप्शन्स, कोपायलट असे जाऊन 'एनेबल कोपायलट'समोरची खूण काढावी. वर्डमधून काढला म्हणजे एक्सेलमधून निघत नाही. तिथे ती पुन्हा काढावी लागते.

३. नवा संगणक घेताना विक्रेत्याला रिकॉल बंद असल्याचे समोर दाखवायला सांगावे.

४. 'मान्य' दाबण्याआधी पानाचा फोटो काढून ठेवावा. वाचायला वेळ नसेल, तर वाचणारा मुलगा किंवा मुलगी घरात असतेच. रात्री वाचून घ्यावे.

५. एआयने केलेला आकडा मूळ बिलाशी ताडल्याशिवाय पुढे पाठवू नये.

६. गिऱ्हाइकांची नावे, नंबर, मापे आणि उधारी एआयला देऊ नये. आपण कंपनीकडून जी अपेक्षा करतो, ती आपल्या गिऱ्हाइकाचीही आपल्याकडून आहे.

कंपनीला तीन प्रश्न विचारावेत : देण्याआधी विचारले काय? किंमत वेगळी सांगितली काय? नको म्हटल्यावर खरोखर काढले काय? तिन्हींची उत्तरे 'होय' असतील, तर सौदा चोख. एकाचेही 'नाही' असेल, तर ते लिंकिंग समजावे.

एकटा दुकानदार एवढ्या मोठ्या कंपनीपुढे काय करणार, असे कोणी म्हणेल. परंतु रिकॉल थांबला, अडोबीच्या अटी बदलल्या, ऑस्ट्रेलियात पैसे परत देऊ केले गेले, ते सामान्य वापरणाऱ्यांनी तोंड उघडले म्हणून. युरियाच्या गोणीसाठी शेतकऱ्याला हंगाम गाठायचा असतो, म्हणून तो गप्प बसतो. आपल्याला तशी घाई नाही. बाटली नको असेल, तर ती काउंटरवरच ठेवावी आणि बिलातून वजा करावयास सांगावे.